जावयानं लाकूड फोडायचं नसतं

मामा, परवा म्हसोबाची लाकडं मी फोडली. तुमच्या सुऱ्यानं, तुमच्या दांडक्यानं, तुम्ही बसायचात त्याच चपट्या दगडापुढे उकिडवं बसून. तुम्ही असता तर लांबूनच ओरडला असता, "बठा, जवाईबापू, बठा!" आणि मी मुकाट्यानं बसलो असतो. लग्न झाल्यापासून दर वर्षी बसतच आलोय.

तुमचा दहावा अजून व्हायचाय. घरात माणसांची ये-जा आहे, मामी आतल्या खोलीत आहेत, आणि मी ओट्यावर हे लिहीत बसलोय. मनीषा म्हणाली, "दादांशी जे बोलायचं राहिलं ते लिहून टाका. नाहीतर ते सगळं भांडण माझ्याशी कराल." तुमची मुलगी आहे, तिचा अंदाज सहसा चुकत नाही. म्हणून लिहितो.

आपलं भांडण तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही ते भांडण मानलंच नाहीत, हे वेगळं.

सुरुवात तुमच्या म्हसोबापासूनच करायला हवी. मी येवल्याकडचा. आमच्याकडेही बांधावर शेंदूर लावलेले दगड आहेत, पण सटाण्याच्या पलीकडे तुमच्या शिवारात आलो तेव्हा कळलं की तुमच्या म्हसोबाचे नियम फार. उन्हाळ कांदा काढून झाला की तो साठवणीच्या चाळीत भरायच्या आधी नैवेद्य झालाच पाहिजे. नैवेद्य घरून करून आणायचा नाही, लिंबाखाली तिथंच शिजवायचा. उरलेला घरी न्यायचा नाही. बकरं नाही, कोंबडं नाही, कारण तुमचा म्हसोबा गोडाचा. गव्हाची खीर आणि गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या बट्ट्या. आणि त्याच्या बांधाच्या आत कुऱ्हाड न्यायची नाही.

हा शेवटचा नियम मला कोणी सांगितला नव्हता. पहिल्या वर्षी सासऱ्याच्या शेतावर जायचं, रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून मी नाशिकहून एक छोटी, छान, लाकडी दांड्याची कुऱ्हाड घेतली. मनीषा सांगत होती की दादा तिथे लाकडं सुऱ्यानं फोडतात. मला वाटलं, बिचाऱ्यांकडे चांगली कुऱ्हाड नसेल. ती पिशवीतून काढून मी थेट देवापुढेच ठेवली. तुमचे दोन चुलतभाऊ एकदम उठून उभे राहिले. तुमचा संदीप तेव्हा कॉलेजात होता, तो हसू दाबत लिंबामागे गेला. तुम्ही मात्र शांतपणे उठलात, कुऱ्हाड उचललीत, बांधाबाहेर नेऊन आडवी ठेवलीत आणि म्हणालात, "पाव्हनानी चूक देवले चालस."

सगळ्यांना हायसं वाटलं. मला नाही वाटलं. घरच्या माणसाची चूक असती तर तुम्ही शिव्या दिल्या असत्या. संदीपनं एकदा पाणी देताना मोटार चालू ठेवली होती, तेव्हा तुम्ही त्याला जे बोललात ते मी ऐकलंय. माझ्या वाट्याला साधा राग पण आला नाही.

कुऱ्हाड का नाही, ते तुम्ही नंतर सांगितलंत. "कुऱ्हाड उभा झाडवर जास. सुरा पडेल लाकूडपुरता." पटण्यासारखं होतं. हातात कुऱ्हाड असली की माणूस वर बघतो, सुरा असला की खाली पडलेलं वेचतो. म्हणून त्या लिंबाची एक फांदीसुद्धा कोणी तोडलेली नाही, आणि त्याच्या सावलीत तुमची भावकी मावते.

पण मी नाशिकला अंबडच्या कारखान्यात मशीनवर काम करणारा माणूस. कापायच्या हत्याराच्या पाठीवर ठोकायचं, हे मला बघवत नव्हतं. आमच्याकडे कोणी टूलवर हातोडा मारला तर फोरमन त्याच्या सात पिढ्यांची उजळणी घेतो. तुमचा सुरा गावच्या लोहारानं ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून काढलेला, बोटभर जाड पाठीचा. हातभर ओंडका दगडावर उभा करायचा, सुऱ्याची धार त्याच्या डोक्यावर आडवी ठेवायची आणि पाठीवर बाभळीच्या दांडक्यानं ठोकायचं. ठक, ठक. सुरा आत बुडाला की बाहेर राहिलेल्या टोकावर ठोकायचं. लाकूड खालपर्यंत उघडत जायचं, आतून कोरडं, पिवळसर. मी म्हणायचो, "मामा, एक दिवस टोक तुटल." तुम्ही म्हणायचात, "तुटनं का आतेलोंग?" आतापर्यंत नाही तुटलं, हे खरं होतं. पण आतापर्यंत तुटलं नाही म्हणजे तुटणारच नाही, असं नसतं, मामा. हा वाद आपण दर वर्षी घालायचो, आणि खरं सांगायचं तर त्यासाठी मी वर्षभर वाट बघायचो.

वाद घालायची मुभा होती. हात लावायची नव्हती.

माझ्यासाठी खुर्ची यायची. लाल प्लास्टिकची, एक हात थोडा चिरलेली. संदीप ती मोटारसायकलवर मागे उलटी बांधून शेतात आणायचा. सगळी भावकी जमिनीवर, पोत्यावर, बांधावर, आणि मी एकटा लिंबाखाली खुर्चीत. लग्नातल्या नवरदेवासारखा, पण दर वर्षी. कोणी पाणी आणतंय, कोणी चूल मांडतंय, मामी कणीक मळताहेत, तुम्ही लाकडं फोडताय. मी उठलो की पाच माणसं एकदम म्हणायची, बसा ना. पाण्याची कळशी उचलायला गेलो तर एखादी चुलतसासू ती हिसकावून घ्यायची. धोंड्याच्या महिन्यात चांदीची वाटी आणि अनारसे मिळाले, दिवाळीला कपडे मिळाले. मित्र म्हणायचे, नशीबवान आहेस लेका. मी मान डोलवायचो.

माझे वडील मी शाळेत असतानाच गेले, हे तुम्हाला माहीत होतं. लग्न ठरताना तुम्ही फक्त एवढंच म्हणाला होतात, "पोरगा बिनाबापना शे, पन सरळ शे." हे मनीषानं मला नंतर सांगितलं, आणि मी ते वाक्य जपून ठेवलं. मला वाटलं होतं, तुमच्या घरी कोणीतरी मला म्हणेल, अरे, ते लाकूड घे, हे धर, असं नाही, तसं. लोकांचे बाप म्हणतात तसं. तुम्ही मला नावानंसुद्धा कधी हाक मारली नाहीत. जवाईबापू. माझं नाव तुम्हाला आठवत तरी होतं का, अशी शंका मला कधीकधी यायची.

मागच्या वर्षी मग ते झालं. डॉक्टरांनी तुम्हाला जड काम बंद करायला सांगितलं होतं. तरी तुम्ही दगडापुढे बसलात. दोन ओंडके झाले आणि तुम्हाला धाप लागली. सुरा लाकडात अर्धा रुतलेला, दांडका हातात, आणि तुम्ही तोंडानं श्वास घेताय. संदीप बट्ट्यांसाठी गोवऱ्या आणायला गेला होता. मी खुर्चीतून उठलो आणि तुमच्या हातातून दांडका घेतला.

तुम्ही तो परत घेतलात. ओढून नाही, नुसता हात पुढे केलात आणि माझ्याकडे बघत राहिलात, शेवटी मीच दिला.

"मामा, मी काय हितं नुसता जेवायला येतो का?" मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो. मामींनी कणकेतून मान वर केली.

"हां," तुम्ही म्हणालात. "जवाई जेवालेच येस."

आणि परत ठोकायला लागलात. ठक, ठक.

मी त्या दिवशी धड जेवलो नाही. ऊन कलायच्या आतच निघालो. गाडीत बसल्यावर तुम्ही खिडकीशी आलात, काचेवर हात ठेवलात आणि म्हणालात, "घरमा येक मानूस तरी बाहेरना पाहिजे, जवाईबापू." मला वाटलं, जखमेवर मीठ चोळताय. मी मनीषाला म्हणालो, ऐकलंस? तुझे वडील मला तोंडावर बाहेरचा म्हणतात. ती म्हणाली, तुम्ही दोघंही म्हातारे झालात.

त्यानंतर आपण फोनवर कितीदा बोललो. कांद्याचा भाव, पाऊस, माझी कामाची पाळी बदलली ते, तुमच्या गोळ्या. त्या दिवसाचं तुम्हीही काढलं नाहीत, मीही नाही. मला वाटलं होतं, यंदा नैवेद्याला आल्यावर काढू. तुम्ही यंदाच्या नैवेद्यापर्यंत थांबला नाहीत. कांदा नुकताच काढून झाला होता, तुम्ही दुपारी चहा मागितलात, आणि मामी चहा घेऊन आल्या तेव्हा तुम्ही नव्हतात.

आम्ही नाशिकहून पोचलो तेव्हा तिरडी बांधून झाली होती. मी खांदा द्यायला पुढे झालो. तुमचे चुलते, आप्पा, त्यांनी माझा दंड धरला आणि हळूच बाजूला घेतलं. आपल्याकडे जवाई खांदा देत नाही, म्हणाले. त्यांचा आवाज मऊ होता, त्यामुळे रागावताही येईना. मी मागून चालत गेलो, चपला हातात घेऊन. गावातली माणसं मला वाट करून देत होती, पाहुणे आलेत म्हणून. मामा, त्या दिवशी मला तुमचा फार राग आला. तुम्ही गेलात त्याचा नाही. जाताना पण मला खुर्चीतच बसवून गेलात, त्याचा.

मग आभाळ आलं.

कांदा शेतात पातीखाली झाकून पडलेला. अवकाळी आला तर सडणार. चाळीत भरायचा तर आधी नैवेद्य पाहिजे. आणि सगळी भावकी सुतकात. निम्मं गाव तुमच्याच आडनावाचं, उरलेल्या निम्म्याचा या म्हसोबाशी संबंध नाही, म्हसोबाच्या बांधाच्या आत पाय टाकायला एक माणूस शिल्लक नाही. ओट्यावर माणसं बसली. कोणी म्हणालं, यंदा राहू द्या, देव समजून घेईल. कोणी म्हणालं, मागे असंच राहू दिलं होतं, काय झालं आठवतं ना. संदीप आभाळाकडे बघत होता. मी कोपऱ्यात खुर्चीत. दुसरं कुठे असणार?

आतून मामींचा आवाज आला. तुम्ही गेल्यापासून त्या पहिल्यांदाच मोठ्यानं बोलल्या. "जवाईबापू शेतस ना. त्यासले कोठे सुतक शे?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी आत गेलो. मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी मला जे सांगितलं, ते तुम्ही इतक्या वर्षांत सांगायला हवं होतंत, मामा. तुमचे वडील गेले तेव्हाही असंच कांद्याच्या दिवसात झालं होतं. तुम्हाला ना बहीण, ना घरात जावई. सगळे सुतकात, बाहेरचं कोणी नाही. नैवेद्य चुकला. कांदा चाळीत सडला, हा भाग मी सोडून देतो, कांदा बिननैवेद्याचा सडतो तसा नैवेद्याचाही सडतो. पण तुमच्या मनात ते बसलं. बापाच्या मागे पहिलंच काम, आणि तेच तुमच्या हातून चुकलं. मनीषाचं लग्न झालं तेव्हा तुम्ही मामींना बजावलंत, "जवाईले घरना करू नका." त्याला आपल्या कामाला लावायचं नाही. म्हसोबाच्या जागेत तर नाहीच. तिथे ज्यानं घरचं काम केलं तो देवाच्या हिशेबी घरचा झाला, मग आपल्याबरोबर सुतक त्यालाही लागेल. एक माणूस शिल्लक ठेवायचा. अडचणीला.

मी विचारलं, "मग हे मला का नाय सांगितलं?"

मामी म्हणाल्या, "कसं सांगतीन? सांगतात तर तुम्ही मनातून घरना व्हई जातात."

नुसतं सांगितल्यानंही माणूस घरचा होतो आणि त्याला सुतक लागतं, हे कुठल्या शास्त्रात आहे, मला माहीत नाही. कुठल्याच नसावं. मी गावातल्या दोन जाणत्यांना विचारलं, ते म्हणाले असं काही नसतं, जावयाला सुतक नसतंच, त्यानं लाकडं फोडली काय न फोडली काय. म्हणजे मामा, तुमचा हिशेब चुकला होता. तुम्ही मला आधीपासून लाकडं फोडू दिली असतीत तरी चाललं असतं. हे मला तुम्हाला तोंडावर सांगायचं होतं. जोरात सांगायचं होतं. आणि तुम्ही "आसं व्हय का?" म्हणून तंबाखू मळत बसला असतात.

परवा सकाळी आम्ही गेलो. मनीषा माझ्याबरोबर. लेकीचं सुतक तीनच दिवसांचं, ते फिटलं होतं. संदीप आणि बाकीचे बांधापर्यंत आले आणि बाहेर थांबले. संदीपनं मोटारसायकलवरून खुर्ची सोडली. सवयीनं बांधून आणली होती बिचाऱ्यानं. हातात धरून उभा राहिला, आत आणता येईना, कोणाला देताही येईना.

सुरा लिंबाच्या ढोलीत होता, तुम्ही ठेवता तसा, पातं आत करून. दांडका पण. दांडक्यावर एका जागी तुमच्या ठोक्यांची खाच पडलीय, तिथं लाकूड पार दबलंय. मी पडलेल्या फांद्या गोळा केल्या, पायाखाली मोडून तुकडे केले, दगडापुढे बसलो. इतकी वर्षं बघत होतो, मला वाटलं हात आपोआप चालेल. पहिलाच ठोका टोकावर बसला, सुरा तिरका झाला आणि ओंडका घरंगळत मनीषाच्या चुलीपर्यंत गेला.

"दाजी, गाठ खाली घ्या! गाठ खाली!" बांधाबाहेरून संदीप ओरडला.

"मधोमध मारा," आप्पा म्हणाले.

"हलका हात ठेवा, हलका," आणखी कोणीतरी.

मामा, तुमची अख्खी भावकी बांधाबाहेर हात बांधून उभी होती आणि मला शिकवत होती. असं नाही, तसं. हे धर. ते सोड. कोणी मला जवाईबापू म्हणत नव्हतं, तेवढा वेळच नव्हता कोणाला. आप्पांनी तर एकदा "अरे येडा!" म्हटलं आणि लगेच जीभ चावली. मी मागे वळून पाहिलं नाही. मला रडू येत होतं आणि हसूही, आणि दोन्ही त्यांना दाखवायचं नव्हतं.

मग जमलं. गाठ खाली, धार मधोमध, दांडक्याचा ठोका पाठीवर. लाकूड उघडत गेलं. वरून सादळलेली फांदी, पण आत कोरडी खडखडीत. चिरफळ्यांचा ढीग झाला, मनीषानं चूल पेटवली, खीर शिजली, नारळ मी फोडला. हाताला दोन फोड आले. टोक तुटलं नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही.

नैवेद्य दाखवल्यावर प्रश्न आला खायचं कोणी. प्रसाद सुतकातल्यांना चालत नाही, घरी न्यायचा नाही. म्हणजे मी आणि मनीषा. मी तुमच्या दगडावर बसून पोट भरून जेवलो. मागच्या वर्षीचं राहिलेलं पण जेवलो. जवाई जेवालेच येस, हे तुमचं एवढं तरी ऐकलं.

बांधाबाहेर संदीप अजून खुर्ची धरून उभा होता. "दाजी, मी काय करू?" त्यानं विचारलं. बाप गेल्यावर पोराला विचारायला कोणीतरी लागतं, ते मला चांगलं माहीत आहे.

"तू बस," मी म्हणालो.

तो बसला. त्या लाल खुर्चीत, तुमचा मुलगा. सगळ्यांसमोर रडला, आणि मी खरकटं काढलं.

काल कांदा चाळीत गेला. पाऊस आलाच नाही, नुसतं आभाळ. संध्याकाळी संदीप म्हणाला, "दाजी, पुढच्या वर्षापासून लाकडं तुम्हीच फोडा. तुम्ही घरचेच आहात."

मामा, हे ऐकायला मी कधीपासून टपलो होतो, ते तुम्हाला माहीत आहे. तुमचा हिशेब शास्त्राप्रमाणे चुकीचा आहे, हेही मी चौकशी करून आलोय. पण आत मामी भिंतीला टेकून बसल्या होत्या, आप्पांचं वय झालंय, आणि चाळीत कांदा दर वर्षी भरायचाच आहे.

"लाकडं तू फोड," मी संदीपला म्हणालो. "माझी खुर्ची तेवढी आण."